प्रोब तोच, मग रीडिंग वेगळं कसं? सीएमएमवरच्या या चुका टाळा

सातारा एमआयडीसीत सीएमएम, म्हणजे जॉबला (मोजायच्या पार्टला) टोक टेकवून मापं घेणारं मशीन, चालवायला लागून मला अठरा वर्षं झाली. "सर, मशीन चुकीचं दाखवतंय" हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी कानावर येतं. मशीन खरंच चुकलंय असं अठरा वर्षांत चार-पाच वेळा निघालं असेल. बाकी सगळा घोळ प्रोबच्या (जॉबला टेकणाऱ्या भागाच्या) कॅलिब्रेशनचा, म्हणजे माहीत असलेल्या गोळ्यावर तो जुळवून घेण्याचा, आणि चुकाही त्याच त्या.

न वाचता "नाही" दाबणं

कॅलिब्रेशन सुरू केलं की सॉफ्टवेअर विचारतं, मास्टर बॉल (टेबलावर आवळलेला, नेमक्या मापाचा तो गोळा) हलवलाय का, किंवा मशीनचा झीरो बदललाय का? "हो" म्हटलं की हातानं एक पॉइंट घ्यावा लागतो आणि मास्टर टिपपासून, म्हणजे सरळ खाली बघणाऱ्या ए० बी० पासून, सुरुवात करावी लागते (प्रोब वळवून ज्या-ज्या अँगलला लावतो, ती प्रत्येक एक टिप). म्हणून नवी पोरं डोळे झाकून "नाही" दाबतात. वेळ वाचतो किती? पाच मिनिटं.

त्या पाच मिनिटांची किंमत मी बघितली आहे. एका कंपनीत पंप हाउसिंगचं काम होतं. वरून चार होल, बाजूनं एक बोअर (मोठं होल). सकाळी मोठं फिक्स्चर लावायचं म्हणून कुणीतरी मास्टर बॉल काढला आणि काम झाल्यावर त्याच भोकात परत आवळला. सेकंड शिफ्टच्या पोराला नव्या प्रोग्रॅमसाठी बाजूचा एक अँगल हवा होता. त्यानं तेवढाच एक अँगल कॅलिब्रेट केला आणि प्रश्न आल्यावर "नाही" दाबलं.

स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे गोळ्यावर घेतलेल्या पॉइंटांमधला फरक, नुसतं दीड मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आलं. बोअरचा व्यास मायक्रॉनला मायक्रॉन बरोबर. फक्त बोअरची जागा वरच्या होलांपासून साठ मायक्रॉन सरकलेली दिसत होती, कारण बॉल परत बसवताना तेवढाच सरकला होता. वरचा अँगल जुन्या जागेवरून कॅलिब्रेट झालेला, बाजूचा नव्या. दोघांचं नातंच तुटलं होतं. रिपोर्ट लाल आला म्हणून व्हीएमसीच्या (जॉब कापणाऱ्या मशीनच्या) सेटरनं बिचाऱ्यानं ऑफसेट, म्हणजे कापायची जागा, ०.०६ मिमीनं हलवला. म्हणजे आतापर्यंत चांगले निघत होते ते जॉब तिथून पुढं खरोखर बिघडले. सकाळपर्यंत अकरा कास्टिंग भंगारात. आणि पोरगा मला सांगतोय, "सर, पण कॅलिब्रेशन तर हिरवं आलं होतं की!"

हिरवं येणारच. एकेका टिपला तो गोळा गोलच लागणार, मग तो टेबलावर कुठंही असो.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. कॅलिब्रेशन झालं की प्रोग्रॅममध्ये वापरलेल्या प्रत्येक अँगलनं तोच बॉल परत मोजायचा आणि सगळ्यांचे एक्स, वाय, झेड शेजारी-शेजारी बघायचे. ते एकाच जागी यायला हवेत. आमच्या जॉबला मी पाच मायक्रॉनच्या वर फरक चालवून घेत नाही. बॉलच्या बुडाशी पिवळ्या रंगाची रेघ मारली आहे. रेघ तुटलेली दिसली की कुणाला न विचारता "हो" दाबायचं आणि सगळे अँगल पहिल्यापासून घ्यायचे. लाइट जाऊन आल्यावर मशीन होम केलं असेल तरी तेच.

एकाच स्टायलसची पाच बारशी

दुसरा माझा आवडता वैताग. कॉम्प्युटर उघडावा तर प्रोबच्या फाइली दिसतात त्या अशा: "२एमएम", "२एमएम नवीन", "२एमएम फायनल", "२एमएम फायनल१". स्टायलस (प्रोबच्या टोकाची गोळीवाली काडी) एकच, पण प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं आपली चूल वेगळी मांडलेली. सोमवारी "नवीन" कॅलिब्रेट झाली, "फायनल" मात्र दिवाळीच्या आधीपासून तशीच. मग एकच जॉब दोन प्रोग्रॅमनी मोजला की दोन उत्तरं येतात आणि कस्टमरचा माणूस आपल्या तोंडाकडं बघत बसतो.

एक स्टायलस असेंब्ली, एक फाइल. सगळे प्रोग्रॅम त्याच फाइलला जोडायचे. नाव देताना बॉलचा व्यास आणि स्टायलसची लांबी लिहायची, "फायनल" हा शब्द मी आमच्याकडं बंदच करून टाकलाय. स्टायलस बदलला की त्या फाइलमधले सगळे अँगल परत घ्यायचे, आज लागतात तेवढेच नाही. आणि शेजारच्या वहीत तारीख, वेळ, प्रत्येक टिपचा व्यास आणि डेव्हिएशन पेनानं लिहायचं. वहीला पोरं हसतात. हसू देत.

मोजलेला व्यास "सुधारणं"

रूबी, म्हणजे स्टायलसच्या टोकाची गोळी, २ मिमीची आणि कॅलिब्रेशननंतर व्यास १.९८४ दिसतो. एका हुशारानं तो हातानं २.००० करून ठेवला होता. अरे बाबा, टच प्रोब ट्रिगर होण्याआधी थोडा वाकतो, ते वाकणं पोटात घेऊनच तो आकडा येतो. तो "दुरुस्त" केला की प्रत्येक बोअर सोळा मायक्रॉन मोठा दिसणार आणि प्रत्येक शाफ्ट तेवढाच बारीक. बघायचं ते आकडा कालच्यापेक्षा किती बदलला ते. तीन-चार मायक्रॉननं उडी मारली तर आधी स्टायलस हातानं तपासा, बहुतेक वेळा ढिलाच निघतो.

टच स्पीडचंही हेच. कॅलिब्रेशन एका स्पीडला आणि प्रोग्रॅम लवकर संपावा म्हणून दुसऱ्या स्पीडला, असं करू नका. वाकणं बदलतं.

बॉल आणि रूबी आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसा. बनियनच्या चिंधीनं नाही.

मास्टर बॉलचा व्यास सर्टिफिकेटवरचा टाका, डबीवरचा नाही.

आणि एसीवर २०, म्हणजे मोजायचं ठरलेलं तापमान, दिसतंय म्हणून जॉब २० डिग्रीला असेल असं धरू नका. एप्रिलमध्ये शॉपमधून आलेला ३०० मिमीचा स्टीलचा जॉब नुसता पाच डिग्री गरम असला तरी सतरा मायक्रॉन लांब भरतो. घाई असेल त्यानं बाहेर जाऊन चहा पिऊन यावं, जॉब ग्रॅनाइटवर बसू द्यावा. आमच्याकडं सुपरवायझरला मी हेच सांगतो, आता तोही दोन चहा पिऊनच येतो.