पारा घसरला म्हणून हवामान बदल खोटा? वाद घालताना या चुका टाळा

डिसेंबरात परभणीचा पारा घसरला की दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात कुणीतरी विचारतंच, "सर, कुठं गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?" एप्रिलात पारा ४३ वर गेला की तोच माणूस त्याच बाकावर बसून सांगतो, "बघा, आता पृथ्वीचं काही खरं नाही." मी भूगोल शिकवतो, वादविवाद स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेतो आणि घरामागं कमाल-किमान तापमापक लावून रोज सकाळी नोंद ठेवतो. त्यामुळं ही दोन्ही वाक्यं दरवर्षी माझ्या वाट्याला येतात. दोन्हींत चूक एकच आहे. एका गावातल्या एका आठवड्याच्या आकड्यावरून साऱ्या पृथ्वीचा निकाल लावलेला असतो.

मला जास्त त्रास दुसऱ्या वाक्याचा होतो. पृथ्वी तापते आहे हे खरंच आहे. पण खरी गोष्ट लंगड्या पुराव्यावर उभी केली की समोरचा तो पुरावा मोडतो आणि ऐकणाऱ्यांना वाटतं, मूळ गोष्टच मोडली.

हवा आणि हवामान यांची गल्लत

शाळेच्या भूगोलात आपण 'हवा' वेगळी शिकवतो आणि 'हवामान' वेगळं. आज सकाळी काय होतं ती हवा. एखाद्या प्रदेशात वर्षानुवर्षं जे दिसतं, त्याची सरासरी आणि त्यातले चढउतार म्हणजे हवामान. जागतिक हवामान संघटना त्यासाठी ३० वर्षांचा काळ धरते. सध्या १९९१ ते २०२० हा काळ चालतो. पण बोलताना आपण दोन्हींना हवामानच म्हणतो. 'हवामान अंदाज' उद्याच्या पावसाचा असतो आणि 'हवामान बदल' शंभर वर्षांचा. अर्धी भांडणं इथंच सुरू होतात. माझ्या मुलांना मी पहिल्या मिनिटालाच हे दोन शब्द वेगळे करून घ्यायला लावतो. घाईत असलेली मुलं ते टाळतात आणि पुढची दहा मिनिटं दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत राहतात.

२०१८ च्या डिसेंबरअखेर परभणीचा पारा तीन अंशांच्या आसपास आला होता. उत्तरेकडून कोरडे वारे आले, आभाळ निरभ्र होतं, ढगांची गोधडी नव्हती आणि दिवसाची ऊब रात्री सरळ आकाशात निघून गेली. आपल्याकडं थंडीची लाट येते ती अशी. तेच २०१८ साल जगाच्या नोंदींत तोपर्यंतचं चौथं सर्वांत उष्ण साल ठरलं. मराठवाड्याचे आठही जिल्हे मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा साधारण आठ हजारावा हिस्सा होतो. तेवढ्या तुकड्यावर चार रात्री कडाक्याच्या गेल्या, तर उरलेल्या पृथ्वीबद्दल त्यातून काय कळणार? ही चूक शिकलेल्यांनाही चुकत नाही. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये जेम्स इनहोफ हे सिनेटर बर्फाचा गोळा घेऊन उभे राहिले होते, बाहेर किती थंडी आहे हे दाखवायला. ते वर्ष संपलं तेव्हा नोंदींतलं तोपर्यंतचं सर्वांत उष्ण वर्ष होतं.

"आमच्या लहानपणी एवढं ऊन नव्हतं"

हे वाक्य म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आलं की मुलं ते पुरावा म्हणून लिहून घेतात. माझ्या आजीच्या पिढीचं म्हणणं मी खोटं मानत नाही. त्यांना जे जाणवलं ते खरंच आहे. पण त्यांच्या अंगाला जाणवलेल्या उकाड्यात हवेचा वाटा किती आणि घराचा किती, हे आधी विचारा.

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. भर मे महिन्यात दुपारी आत गेलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि अंगाला गारवा लागायचा. रात्री माळवदावर अंथरूण टाकायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्याच जाड भिंतींखाली माणसं गाडली गेली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या कित्येक घरांत माळवदाखाली झोपायची हिंमत कुणाला झाली नाही. माती उतरवून पत्रे टाकले गेले, नवी घरं सिमेंटची झाली. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांना नावं ठेवायचा कुणाला अधिकार नाही. पण पत्र्याखालची दुपार आणि माळवदाखालची दुपार यांत जो फरक पडतो, तो जगाच्या तापमानात शंभर वर्षांत झालेल्या वाढीपेक्षा कितीतरी मोठा आहे. सारा भारत घेतला तर १९०१ ते २०१८ या काळात सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. एवढी वाढ अंगाला कळत नाही. तिच्यासाठी तापमापकच लागतो, आणि तोही वर्षानुवर्षं नीट वाचलेला.

म्हणून आठवण सांगायची असेल तर मी मुलांना तापमानाची आठवण सांगू देत नाही. विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असायचं, आंब्याला मोहोर कधी यायचा, पेरणी कोणत्या नक्षत्रात व्हायची हे विचारा. माणसं ते नेमकं सांगतात, कारण त्यावर त्यांचं पोट अवलंबून होतं. त्यालाही कारणं अनेक असतात, हे मात्र सोबत सांगावं लागतं.

तापमापकाची जागा न विचारणं

या चुकीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ती आम्ही स्वतः केली आहे.

काही वर्षांपूर्वी अकरावीतल्या एका मुलीला जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेसाठी तयार करत होतो. जवळच्या एका संस्थेत तापमानाच्या जुन्या नोंदवह्या होत्या, पानं पिवळी पडलेली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी बसून २८ वर्षांची किमान तापमानं संगणकात भरली. आलेख काढला तर रेघ छान वर चाललेली. आपल्याच भागातला, आपल्याच हातांनी काढलेला पुरावा! मुलीला रात्रभर झोप आली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

स्पर्धेत समोरच्या बाजूच्या मुलानं एकच प्रश्न विचारला. "तापमापकाची पेटी इतकी वर्षं एकाच जागी होती का?" आमच्याकडं उत्तर नव्हतं. ती फेरी आम्ही हरलो, आणि तो निकाल बरोबर होता.

परतल्यावर आम्ही त्या संस्थेतून निवृत्त झालेल्या मामांकडं गेलो. वर्षानुवर्षं नोंदी त्यांनीच घेतल्या होत्या. ते आम्हाला घेऊन पुन्हा तिथं आले आणि हात करून दाखवलं. पेटी आधी विहिरीजवळ, भाजीच्या वाफ्यांच्या कडेला होती. नवा हॉल बांधला तेव्हा ती उचलून भिंतीच्या बाजूला आणली आणि समोर फरशी घातली. वहीत याचा एक शब्द नाही. मामांना साल आठवत होतं, कारण त्याच वर्षी त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं होतं. आम्ही आलेख पुन्हा उघडला. सगळी वाढ त्या एका वर्षात होती, जिन्याच्या पायरीसारखी. पायरीच्या आधीची रेघ जवळपास सपाट, नंतरचीही. सिमेंटची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते सोडते, म्हणून किमान तापमान तेवढं वर राहिलं. आणखी एक गोष्ट मामांनी मान खाली घालून सांगितली. रविवारी कुणी यायचं नाही, मग सोमवारी शनिवारचाच आकडा रविवारच्या रकान्यात उतरायचा. त्यांच्यावर राग आला नाही. एकट्या माणसावर ३६५ दिवसांचं काम टाकलं आणि बदली माणूस दिला नाही, ती चूक त्यांची नव्हे.

तेव्हापासून माझी सवय अशी. एका केंद्राची आकडेवारी हाती आली की आधी तिथल्या सर्वांत जुन्या माणसाला भेटायचं. मग शेजारच्या दुसऱ्या केंद्राचे आकडे मिळवायचे आणि दोन्हींची वजाबाकी करायची. हवा बदलली असेल तर ती दोन्हीकडं सारखी बदलते आणि वजाबाकी सपाट राहते. पेटी हलली असेल तर वजाबाकीत पायरी उठून दिसते. जगभरातले शास्त्रज्ञ हजारो केंद्रांच्या नोंदी याच तत्त्वावर तपासून घेतात. गाय कॅलेंडर या ब्रिटिश अभियंत्यानं १९३८ साली पृथ्वी तापत असल्याचं दाखवलं, तेव्हा त्यानं १४७ केंद्रांचे आकडे हातानं गोळा केले होते. आमची मुलं एका रात्रीत मोबाईलवरून दोन आलेख उतरवतात आणि सकाळी व्यासपीठावर जातात. मला हे सहन होत नाही.

हा किस्सा सांगितला की लगेच दुसरं टोक गाठणारे भेटतात. "म्हणजे सगळी वाढ सिमेंटचीच!" नाही. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के भाग समुद्र आहे, तिथं ना भिंत ना फरशी. जहाजांनी आणि तरंगत्या बोयांनी मोजलेलं समुद्राचं पाणीही तापतंच आहे.

थोडक्यात आटपण्यासारख्या काही चुका

मोबाईलवरचं तापमान पुरावा म्हणून वापरू नका. तो बहुतेक वेळा संगणकी अंदाज असतो, आणि खाली 'जाणवणारं' म्हणून जो आकडा असतो त्यात दमटपणाही मिसळलेला असतो.

उन्हात टांगलेला तापमापक उन्हानं तापलेल्या काचेचं तापमान सांगतो. हवेचं तापमान पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतात आणि आपल्याकडं पेटीचं दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे ऊन आत शिरत नाही.

उपग्रहाचा लालभडक नकाशाही असाच फसवतो. एप्रिल २०२२ च्या अखेरीस ६० अंशांचे आकडे फिरत होते. ते जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान होतं. चपलेशिवाय डांबरावर उभं राहिलेल्या कुणालाही हा फरक कळेल.

"सरासरीपेक्षा दोन अंश जास्त" असं वाचलं की कोणत्या वर्षांची सरासरी ते बघा. १९६१-९० ची सरासरी धरली तर फरक मोठा दिसतो, १९९१-२०२० ची धरली तर लहान, कारण तापलेली वर्षं सरासरीतच आली.

"विक्रम मोडला" या बातमीत नोंद किती जुनी आहे ते शोधा. हवामान अजिबात बदलत नसेल तरी १५ वर्षांच्या नोंदीत यंदाच विक्रम होण्याची शक्यता पंधरात एक असते. शंभर वर्षांच्या नोंदीत ती शंभरात एक होते, आणि मग त्या बातमीला वजन येतं.

सोयीचं साल निवडून रेघ सुरू करू नका. १९९८ साली जोरदार एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं होतं, आणि ते वर्ष फार तापलं. तिथून मोजायला लागून "पुढची पंधरा वर्षं पृथ्वी तापलीच नाही" असं सांगणारे कितीतरी झाले. आपल्याकडं २०१६ चा एप्रिल घ्या. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण भरून वाहिलं. ज्याला जे सिद्ध करायचं त्यानं तो महिना निवडावा, असं हे वर्ष होतं.

"मग एका उन्हाळ्यावरून काहीच म्हणता येत नाही?"

सगळं ऐकून झाल्यावर हुशार मूल हाच प्रश्न विचारतं. त्याला "नाही" म्हणून गप्प बसवणं हीसुद्धा चूकच आहे, आणि ती माझ्यासारखे शिक्षकच जास्त करतात.

म्हणता येतं, पण प्रश्न बदलावा लागतो. ही लाट हवामान बदलामुळं आली का, असं विचारू नका. पृथ्वी तापली नसती तर अशी लाट किती वर्षांतून एकदा आली असती आणि आता किती वर्षांतून येते, असं विचारा. जुन्या नोंदी आणि संगणकी प्रारूपं जोडून याचं उत्तर काढता येतं. मार्च २०२२ मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या मार्चमध्ये सर्वांत जास्त होतं. भारत-पाकिस्तानातल्या त्या मार्च-एप्रिलच्या उष्णतेचा अभ्यास झाला तेव्हा अशी घटना हवामान बदलामुळं सुमारे ३० पट शक्य झाल्याचं निघालं. त्याच पठडीतल्या शास्त्रज्ञांनी राजस्थानातल्या फलोदीचा १९ मे २०१६ चा ५१ अंशांचा आकडाही तपासला होता. तिथं त्यांना हवामान बदलाची स्पष्ट खूण सापडली नाही. हवेतलं प्रदूषण ऊन अडवतं आणि वाढलेलं सिंचन हवेला गारवा देतं, त्यामुळं आपल्याकडच्या सर्वांत तापलेल्या दिवसांतली वाढ काही अंशी झाकली जाते, असं कारण त्यांनी दिलं.

फलोदीचं उदाहरण मी मुद्दाम सांगायला लावतो. मुलं कुरकुरतात, "सर, हे तर समोरच्याच्या बाजूचं आहे." त्या हरलेल्या मुलीनं पुढच्या वर्षी ते स्वतःहून आधी मांडलं, मग २०२२ चं मांडलं, आणि शेवटी आमच्या पायरीचा आलेख दाखवून पेटी कुठून कुठं हलली ते सांगितलं. समोरच्या बाजूला विचारायला प्रश्नच उरला नव्हता.