युद्धस्मृती स्पर्धेची प्रवेशिका कशी तयार करावी : सीमाभागातील विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी

महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ शाळकरी मुलांसाठी स्पर्धा घ्यायची आणि विजेत्यांना त्या रणभूमीच्या अभ्यासदौऱ्यावर पाठवायचे, ही प्रथा ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात चांगली रुजली आहे. ऑस्ट्रेलियातील सिम्पसन पारितोषिक नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. दरवर्षी एक प्रश्न आणि त्यासोबत काही अस्सल साधने दिली जातात आणि मुलांनी त्यांत स्वतःच्या शोधाची भर घालून उत्तर लिहायचे असते. ज्याच्या नावाने हे पारितोषिक दिले जाते तो जॉन सिम्पसन किर्कपॅट्रिक १९१५ साली तुर्कस्तानातील गॅलिपोलीत जखमींना गाढवावर बसवून किनाऱ्याकडे आणत असे, आणि त्याचा मुक्काम भारतीय पहाडी तोफखान्याच्या खेचरतळावर होता, हे मात्र आपल्याकडे मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

या स्पर्धा त्या त्या देशातील विद्यार्थ्यांपुरत्या असतात. तरीही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील ज्या कुटुंबांची नातवंडे तिकडे शिकत आहेत त्यांना हे मार्गदर्शन उपयोगी पडेल, आणि त्याच धर्तीवर आपल्या शाळेत किंवा तालुक्यात स्पर्धा घेऊ पाहणाऱ्या शिक्षकांनाही पडेल. सगळ्या युद्धाचा इतिहास लिहायला जाऊ नये. एकच सैनिक निवडावा, शक्यतो आपल्या पंचक्रोशीतला, आणि त्याच्याविषयी पुराव्याने जेवढे सांगता येते तेवढेच सांगावे. परीक्षकांपुढे शौर्याच्या विशेषणांनी भरलेल्या प्रवेशिकांचा ढीग असतो. त्यांत एका माणसाचा नीट माग काढलेली वही लगेच वेगळी दिसते.

नियम आधी वाचावेत

वय कोणत्या तारखेला मोजले जाते, शब्दमर्यादेत तळटीपा धरल्या जातात की नाही, चित्रफीत चालते का, मुख्याध्यापकांची सही लागते का आणि दौऱ्याच्या खर्चात कोणकोणत्या बाबी येतात, एवढे पाहून ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. प्रश्न शब्दशः उतरवून घ्यावा. ‘कितपत’, ‘का’, ‘कोणत्या अर्थाने’ असे शब्द प्रश्नात असतील तर उत्तर त्या शब्दांना द्यायचे असते. विषयावर सर्वसाधारण निबंध लिहून भागत नाही.

माणूस शोधणे

सगळा वेळ खरे तर इथे जातो आणि तो जाऊ द्यावा. सीमाभागातल्या मुलांना या बाबतीत मोठी सोय आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि महार रेजिमेंटची पहिली पलटण १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावातच उभी राहिली. त्यामुळे आसपासच्या पुष्कळ गावांत निदान एखादे ‘मिलिटरीवाल्यांचे’ घर सापडतेच.

आरंभ घरातल्या पेटीपासून करावा. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे पुस्तक, तार, पलटणीतला एखादा फोटो, पदके, जे निघेल त्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, कारण फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का किंवा ठिकाणाचे नाव असू शकते. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती कड झिजलेली असेल तर अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड अगदी आडवा धरून पदक हळूहळू फिरवावे आणि दिसेल ते एकेक अक्षर लिहून घ्यावे. पदक चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण घासण्यात आधी अक्षरे जातात. चांदीची म्हणून मोडीत घातलेलीही पदके असतात. तसे झाले असेल तर ते कोणी, कोणत्या अडचणीत मोडले हेही विचारून लिहावे, कारण युद्धानंतर त्या घराचे काय झाले याची ती एक नोंदच असते. बशीएवढी काशाची गोल पट्टी सापडली आणि तिच्यावर हुद्द्याशिवाय नुसते नाव असले तर ती पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या वारसांना दिलेली स्मृतिपट्टी समजावी.

त्यानंतर गाव. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानातील अनेक गावांत संगमरवरी फलक बसवले गेले; या गावातून इतके लोक महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर त्यांवर असतो. आपल्या गावची चावडी, जुनी शाळा आणि देवळाचा ओटा त्या दृष्टीने पाहून घ्यावा. फलकावर नावे नसतात, नुसते आकडे असतात. त्या आकड्यातला निदान एक माणूस नावाने उभा करणे हा प्रवेशिकेचा फार चांगला विषय होऊ शकतो.

नाव हाती आले की राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) संकेतस्थळावर शोध घ्यावा. तो विनामूल्य आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मृत्यू आलेल्यांची नोंद आयोग ठेवतो. म्हणजे लढाईत नव्हे तर तापाने किंवा पटकीने इस्पितळात गेलेला शिपाईही त्यात असतो. नावाचे इंग्रजी स्पेलिंग पलटणीच्या कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिलेले असते, तेव्हा पवार न मिळाल्यास पोवार, जाधव न मिळाल्यास जाधाव किंवा जाधो, शिंदे न मिळाल्यास सिंदे अशी रूपे घालून पाहावीत. त्याहून सोपी वाट म्हणजे ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गावाचे किंवा जिल्ह्याचे नाव टाकून पलटणीनुसार यादी गाळणे, कारण बऱ्याच नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. जिल्हा घालताना त्या काळचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवावा. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, आणि सीमेवरची कित्येक गावे कोल्हापूर, सांगली, कुरुंदवाड अशा संस्थानांत होती. चंदगडकडच्या आजोबांची नोंद कोल्हापुरात शोधत बसलेल्या मुलाला ती बेळगावखाली सापडू शकते.

पलटणीच्या क्रमांकाचा गोंधळही सोडवून घ्यावा. १९२२ च्या फेररचनेपूर्वी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा मराठा पलटणी होत्या. नंतर त्यांची पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही एक रेजिमेंट झाली. १०३ वी तिची पहिली, १०५ वी दुसरी आणि ११० वी तिसरी पलटण ठरली, तर ११४ व्या पलटणीकडे बेळगावात प्रशिक्षणाचे काम आले. म्हणून पहिल्या महायुद्धातल्या पणजोबांविषयी कोणी ‘ते तिसऱ्या मराठ्यात होते’ असे सांगितले तर ते तसेच उतरवू नये. सांगणारा बहुधा पुढच्या काळातले नाव मागच्या काळाला लावत असतो.

प्रशिक्षण केंद्राच्या आवारातील संग्रहालय किंवा कागदपत्रे पाहायची असल्यास शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीने, काय पाहायचे आहे ते नेमके लिहून आधी परवानगी मागावी. ‘माहिती मिळावी’ असे मोघम पत्र टेबलावर पडून राहते. क्रमांक, नाव, पलटण आणि अंदाजे वर्ष दिलेल्या पत्राला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांतील सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे विचारणा करावी.

घरच्यांशी बोलताना ‘तुम्हाला काय वाटले?’ या प्रश्नाने सुरुवात केली की ठरावीक उत्तर येते. त्याऐवजी बारीकसारीक विचारावे : तार कोणी वाचून दाखवली, पेन्शन आणायला कोण जायचे, सुट्टीवर आल्यावर ते कुठे उतरून गावापर्यंत कसे यायचे, भरतीला सोबत गावातले आणखी कोण गेले होते. आजी जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, ती मराठीत बोलली तर मराठीत आणि कन्नडमध्ये बोलली तर कन्नडमध्ये लिहून घ्यावे आणि भाषांतर खाली वेगळे द्यावे. घरात पिढ्यान् पिढ्या सांगितली गेलेली एखादी मोठी हकीकत, समजा खुद्द लाटसाहेबांनी हात मिळवल्याची, टाकून देऊ नये. पण ‘कुटुंबात असे सांगितले जाते’ एवढीच तिची जागा ठेवावी.

लिहिणे

पहिल्या मसुद्यात ‘मातृभूमीच्या रक्षणासाठी त्यांनी हसत हसत प्राणांची आहुती दिली’ असे वाक्य हमखास येते. ते खोडावे. आजच्या इराकमधील बसऱ्याला गेलेला शिपाई कोणाच्या राज्यासाठी लढत होता, हा प्रश्न परीक्षक विचारणारच, आणि तो विद्यार्थ्याने आधी स्वतःला विचारलेला बरा. पहिल्या महायुद्धात साध्या शिपायाचा मूळ पगार महिना ११ रुपये होता. भरतीमागे कुठे दुष्काळ होता, कुठे भावकीतली परंपरा, कुठे नुसते पोट. हे लिहिल्याने त्याच्या मरणाची किंमत कमी होत नाही. सुमारे १३ लाख हिंदी माणसे त्या युद्धात सेवेला गेली आणि सुमारे ७४ हजार मेली, हा आकडा एका वाक्यात देऊन लगेच आपल्या माणसाकडे परतावे.

वाक्य कसे असावे याचा नमुना घ्यायचा तर कुत या ठिकाणच्या वेढ्याचा घ्यावा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. कुतचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने टेकीला आलेल्या फौजेच्या शरणागतीने संपला. आपल्या शिपायाच्या मृत्यूची तारीख या दोन तारखांच्या मध्ये पडते की नंतर, यावरून तो वेढ्यात गेला की कैदेत गेला असावा याचा तर्क करता येतो. मात्र तो तर्क आहे हे त्याच वाक्यात म्हणावे, आणि तो शिपाई त्या वेळी खरोखर कुतमध्येच होता, इस्पितळात किंवा मागच्या तळावर नव्हता, याला काय आधार आहे तेही सांगावे.

बसऱ्याच्या स्मारकाचा मुद्दा सीमाभागातल्या विद्यार्थ्याने सोडू नये असे मला वाटते. तिथे ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण साध्या हिंदी शिपायांची कोरली नाहीत. त्यांच्या पलटणीपुढे फक्त संख्या लिहिली गेली. मेलेल्या सर्वांना समान मान, हे तत्त्व ज्या आयोगाचे, त्यानेच २०२१ साली अहवाल काढून असल्या असमान वागणुकीबद्दल माफी मागितली. गावच्या चावडीवर आकडा आणि बसऱ्यालाही आकडा, असा ज्याचा शिपाई असेल त्याला स्मरण म्हणजे काय या प्रश्नावर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

दुसऱ्या महायुद्धातला माणूस निवडला तर इटली किंवा ईशान्य आफ्रिकेतील एरिट्रिया समोर येईल. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या इटलीतील लढाईसाठी आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवरील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. हे दोघे मराठा लाइट इन्फंट्रीचे असले तरी घाडगे रायगडकडचे आणि जाधव नगरकडचे. त्यांच्यावर यापूर्वी भरपूर लिहिले गेले आहे. पार्श्वभूमीला त्यांचा उल्लेख करावा, मुख्य विषय मात्र कमी माहितीतला माणूसच ठेवावा.

गावांची नावे कागदात जशी आहेत तशी द्यावीत आणि पुढे आजचे नाव लिहावे. सीमाप्रश्नाचा वाद प्रवेशिकेत आणू नये. दूरदेशीच्या परीक्षकाला तो कळणार नाही आणि त्या शिपायाचाही तो नव्हता. इंग्रजीत लिहायचे असले तरी पहिला मसुदा ज्या भाषेत विचार येतात तिच्यात करावा. तयार मजकूर कुठून उचलला किंवा संगणकाकडून लिहून घेतला तर तो पहिल्या तोंडी प्रश्नालाच उघडा पडतो.

निवड झाल्यावर

आपल्याकडच्या स्पर्धेतून परदेशी दौऱ्यावर जाणाऱ्या मुलाचे घोडे बहुधा पासपोर्टवर अडते. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगाव शहराचे अधिकृत नाव बदलल्यामुळे जुन्या जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे नाव असू शकते. त्यात शाळेच्या दाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत गेलेले आडनाव आणि वडिलांच्या कागदांवर मराठीतून गेलेले आडनाव जुळत नाही. ही दुरुस्ती निकालाची वाट न पाहता प्रवेशिका पाठवतानाच सुरू करावी. अल्पवयीन मुलासाठी दोन्ही पालकांची संमती लागते, ती कागदावर तयार ठेवावी.

गावची माती सोबत नेऊन स्मारकाशी वाहण्याची कल्पना मनात येते, पण ऑस्ट्रेलियासारखे देश माती, बिया, फुले आत येऊ देत नाहीत. तेव्हा सैनिकाच्या छायाचित्राची प्रत आणि मराठीत लिहिलेले एक कार्ड पुरे. दहन झालेल्या हिंदू सैनिकांची समाधी बहुधा नसते, नाव स्मारकाच्या भिंतीवर किंवा नोंदवहीत असते, म्हणून आयोगाच्या नोंदीतला फलक क्रमांक निघण्यापूर्वीच लिहून घ्यावा. बेल्जियममधील ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकावर ५४ हजारांहून अधिक नावे आहेत. क्रमांकाशिवाय तिथे एखादे नाव शोधायला दिवस पुरत नाही.

घरच्या कागदांवरून आयोगाच्या नोंदीतले नाव, वडील किंवा गाव चुकलेले आढळले तर परतल्यावर छायाचित्रांसह आयोगाला कळवावे. पुरावा पटला तर आयोग नोंद दुरुस्त करतो.