डेटाबेस सर्व्हर तुंबला? रीस्टार्टच्या आधी या चुका टाळा

दिवाळीच्या आधीचा शनिवार. कोथरूडच्या ऑफिसात फराळवाल्या क्लायंटचा फोन आला, "अहो, ऑर्डरचं पान नुसतं फिरतंय!" त्यांचा डेटाबेस मायएसक्यूएल 'टू मेनी कनेक्शन्स', म्हणजे एकाच वेळी फार जोडण्या झाल्या, म्हणत होता. मी घाईने रीस्टार्ट मारला. ही पहिली चूक. कोणती क्वेरी (डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी) अडकली होती त्याचा मागच पुसला गेला, आणि दहा मिनिटांत पुन्हा तेच.

दुसरी चूक त्याहून महागात पडली. कनेक्शनची मर्यादा डीफॉल्ट 151 असते, ती मी 500 केली. पुढे चौक तुंबलेला असताना मागून आणखी गाड्या सोडण्यातला हा प्रकार. प्रत्येक कनेक्शन स्वतःची मेमरी खातं. रॅम संपली, स्वॅप (रॅमऐवजी संथ डिस्क वापरणं) सुरू झालं आणि होतं तेही थांबलं.

मग 'शो फुल प्रोसेसलिस्ट', म्हणजे चालू असलेल्या क्वेरींची यादी पाहिली. एकच क्वेरी, डझनभर ओळी. त्याच आठवड्यात किचनमध्ये 'आज पॅक करायचे डबे' दाखवणारी स्क्रीन लावली होती, ती दर पाच सेकंदांनी हीच क्वेरी मारत होती. एक्सप्लेन केलं, म्हणजे ही क्वेरी कशी चालवणार हे डेटाबेसला विचारलं, तर टाइप 'ऑल', म्हणजे अख्खं टेबल वाचणं. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकातल्या सूचीसारखी पटकन शोधायची सोय) होता की! पण क्वेरीत त्या कॉलमला डेट फंक्शन गुंडाळलेलं, त्यामुळे इंडेक्स वापरलाच जात नव्हता. 'आज 00:00 पासून उद्या 00:00 च्या आत' अशी अट लिहिली आणि पान लगेच उघडायला लागलं. नवं हार्डवेअर काही लागलं नाही.

यावर उपाय म्हणून दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स टाकत सुटू नका. प्रत्येक नवी ऑर्डर लिहिताना ते सगळे अपडेट होतात. पेमेंटच्या उत्तराची वाट बघत ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण करायच्या बदलांचा गट) उघडं ठेवू नका, त्या ओळींवरचे लॉक सुटत नाहीत आणि बाकीचे अडकतात. बॅकअप रात्री.

स्लो क्वेरी लॉग, म्हणजे ठरावीक वेळेपेक्षा जास्त चालणाऱ्या क्वेरींची नोंद, मुळात बंद असतो आणि चालू केला तरी त्याची मर्यादा 10 सेकंदांची. ती 1 वर आणा. दोन सेकंदांची क्वेरी दिवसातून हजारदा चालली तर तीच सर्व्हर झोपवते.

आणखी एक, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मर्यादा भरली तरी मायएसक्यूएल अॅडमिनसाठी एक जादा कनेक्शन राखून ठेवतो. अॅप्लिकेशनच रूट (सगळे अधिकार असलेल्या अॅडमिन) खात्यावर चालवलंत तर ती जागाही तेच बळकावतं आणि तुम्हाला आत शिरायला वाट उरत नाही. अॅपला वेगळं, कमी अधिकारांचं खातं आजच करून द्या.