गर्भपाताचा प्रश्न कांटच्या कसोटीवर कसा तपासावा

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला मी नीतिशास्त्र शिकवते. हा विषय निघाला की वर्गात दोन तट पडतात. ‘गर्भपात म्हणजे पाप’ आणि ‘गर्भपात हा बाईचा हक्क’. दोन्ही वाक्यं मी फळ्यावर लिहिते आणि डस्टरनं पुसते. अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याची कसोटी त्यांना लावताच येत नाही, कारण ती लागते कृत्यामागच्या नियमाला.

तेव्हा वही घ्या आणि एक वाक्य लिहा: ‘अशी अशी परिस्थिती असेल, तर अमुक हेतूनं मी तमुक करीन.’ परिस्थिती, हेतू, कृती, तिन्ही आली पाहिजेत आणि कर्ता ‘मी’च हवा. ‘तिनं’नं सुरू झालेलं वाक्य मी खोडायला लावते. दुसरीच्या पोटाविषयी निवाडा द्यायची सवय आपल्याला घराघरांतून लागलेली असते, ती इथेच मोडावी लागते.

दोन वाक्यं घेऊ. ‘पोटात मुलगी असेल, तर वंशाला दिवा मिळावा म्हणून मी गर्भ पाडून घेईन.’ आणि ‘काळजी घेऊनही दिवस राहिले, तर शिक्षण पुरं करता यावं म्हणून मी आठव्या आठवड्यात गर्भपात करून घेईन.’

पहिली चाचणी: हा नियम सगळ्यांचाच झाला तर चालेल का? पहिलं वाक्य तिथेच कोसळतं. वंश पुढे न्यायला बाईच उरत नाही. दुसऱ्याबद्दल मुलं हमखास म्हणतात, ‘सगळ्यांनी गर्भपात केला तर माणूसजात संपेल.’ ही चूक टाळा. नियमाला परिस्थितीची अट होती, ती परस्पर गाळू नका. अट गाळून तपासायचं तर लग्न न करणंही अनैतिक ठरेल, आणि कांट तर जन्मभर अविवाहित राहिला.

दुसरी चाचणी अवघड. कुणाही माणसाला, स्वतःलासुद्धा, केवळ साधन म्हणून वापरू नका. ‘केवळ’खाली रेघ मारा. आता गर्भ व्यक्ती आहे का, हा प्रश्न टळत नाही. कांटच्या लेखी जिला आपल्या कृत्याबद्दल जबाबदार धरता येतं, ती व्यक्ती. त्या अर्थानं आठ आठवड्यांचा गर्भ व्यक्ती नाही. पण तान्हं मूलही त्या व्याख्येत नीट बसत नाही, हे लक्षात ठेवा. आणि तोच कांट १७९७ मध्ये लिहितो की मुलाला आपण त्याच्या संमतीवाचून जगात आणतो, म्हणून आईबाप त्याचं देणं लागतात. तेव्हा चाचणी दोनदा करा. गर्भ व्यक्ती धरला, तर शिक्षणासाठीचं वाक्य फार अडचणीत येतं. मी हे वर्गापासून लपवत नाही. नऊ महिने स्वतःचं शरीर दुसऱ्याला देणं हे कर्तव्य ठरतं का, हा प्रश्न तरीही उरतो, कारण मदतीचं कर्तव्य कांट ‘अपूर्ण’ मानतो: ते असतंच, पण किती आणि कसं पाळायचं याला मोकळीक असते. माझ्यापुरतं मी आठव्या आठवड्याचं वाक्य मान्य करते. गर्भाविषयी शंका असू शकते, त्या बाईच्या व्यक्ती असण्याविषयी नाही.

आमच्या नात्यात एक वहिनी होती. दोन मुली. तिसऱ्या खेपेला तिला दुसऱ्या गावी नेऊन तपासून आणलं आणि आठवड्याभरात गर्भ काढला. नंतर मी भेटायला गेले, तेव्हा ती भाकरी थापत होती. परातीतून मान वर न करता म्हणाली, ‘विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, असं नाही. पण विचारलंच नाही गं.’ पीठ तिच्या बांगड्यांना चिकटलं होतं.

तिथे गर्भ व्यक्ती होता का, हे न ठरवताच निकाल लागतो. वहिनी वारसाचं साधन झाली. म्हणून तिच्या वतीनं वाक्य लिहू नका. सासूचं लिहा, नवऱ्याचं लिहा, पैसे घेऊन लिंग सांगणाऱ्या डॉक्टरचं लिहा. १९७१ चा गर्भपाताविषयीचा कायदा सज्ञान बाईची स्वतःची संमती मागतो, नवऱ्याची सही मागत नाही. दवाखान्यात मात्र ती मागितली जाते.

शेवटी एक वाक्य दुसऱ्या बाजूनं. विवाहबाह्य मूल चोरट्या मालासारखं समाजात शिरलेलं असतं, असं कांटनं लिहून ठेवलं आहे. तो भाग वाचताना मला आजही चीड येते. याउलट १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, गरोदर विधवांना गुपचूप, सुखरूप बाळंत होता यावं म्हणून. बाळाला मारणं पाप आहे एवढं म्हणून ते थांबले नाहीत, स्वतःच्या घराचं दार उघडलं. म्हणून ज्याला गर्भपात चूक वाटतो, त्याला मी वाक्य पुरं करायला देते: ‘तिनं मूल जन्माला घातलं, तर मी...’

एका मुलानं लिहिलं, ‘वर्षभर ते सांभाळीन.’ मग ‘वर्षभर’ खोडून ‘रविवारी’ केलं. मग तेही खोडायला लागला, तेव्हा मी त्याची वही उचलून घेतली.