स्कॉट्स लव्हेज: स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची रानभाजी ओळखायची कशी आणि खायची कशी

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या किंवा उन्हाळ्यात तिकडे फिरायला जाणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितेय. ऑर्कनी, शेटलंड, हेब्रिडीज बेटं, नाहीतर स्कॉटलंडच्या मुख्य भूमीचा उत्तर आणि पश्चिम किनारा, इथे खडकांच्या फटीत, अगदी लाटांचे तुषार उडतात तिथे चकचकीत हिरव्या पानांचं एक रोप दिसतं, ते स्कॉट्स लव्हेज. शास्त्रीय नाव लिगस्टिकम स्कॉटिकम. आपला ओवा, जिरं, कोथिंबीर, बडीशेप हे सगळे याच कुळातले, त्यामुळे पान चुरगळलं की वास ओळखीचाच वाटतो. नॉर्वे, आइसलँड, अटलांटिकच्या पलीकडे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या आणि अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरही हे उगवतं. पूर्वी या बेटांवरचे लोक कच्चंही खायचे आणि उकडूनही, स्कर्व्ही (व्हिटॅमिन सी कमी पडल्याने होणारा आजार) होऊ नये म्हणूनही खायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. याच कुळात जीवघेणी विषारी झाडं पण आहेत आणि त्यातलं एक, हेमलॉक वॉटर ड्रॉपवर्ट, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर भरपूर आहे, ओहोळ जिथे समुद्राला मिळतात तिथे ओल्या जागेत वाढतं. त्याचा वासही पार्सली-सेलरीसारखा छान येतो. म्हणून "वास चांगला आला म्हणजे खायचं" हा नियम इथे साफ चुकीचा आहे, वास फक्त शेवटची खात्री, पहिली नाही. त्याची मुळं पांढरी, बोटांसारखी जाड असतात आणि सगळ्यात जास्त विष तिथेच असतं, ते पोटात गेलं तर फिट्स येऊन माणूस जाऊ शकतो.

मग ओळखायचं कसं? पान बघा. लव्हेजच्या पानाचा देठ आधी 3 भागांत फुटतो आणि प्रत्येक भागाला परत 3 पानं, म्हणजे एकूण 9 च्या आसपास. प्रत्येक पान रुंद, जाडसर, चामड्यासारखं, वरून चकाकणारं, आणि दाते मुख्यतः टोकाकडच्या अर्ध्या भागात, देठाकडची कड साधी. खोडाचा खालचा भाग बहुतेक वेळा लालसर-जांभळट असतो, पण तो रंग एकसारखा पसरलेला असतो. खोडावर जांभळे ठिपके-डाग असतील आणि पान पिसासारखं बारीक चिरलेलं असेल तर ते साधं हेमलॉक, तेही विषारीच, हात लावू नका. ड्रॉपवर्टचं पान पण पुन्हा पुन्हा विभागत गेलेलं असतं, नीट 3-3 चा हिशोब लागत नाही. आणि जागा बघा: खारा वारा लागणारा खडक किंवा कडा असेल तर ठीक, ओढा, चर, दलदल असेल तर सोडून द्या. पान, खोड, जागा, वास, चारही जुळले तरच तोडायचं, तीन जुळले आणि एक नाही असं असेल तर नाही. पहिल्यांदा जाताना माहीतगार माणूस बरोबर असलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, फोनवरच्या अ‍ॅपवर या कुळाच्या बाबतीत अजिबात विसंबू नका. चुकून काही भलतंच खाल्लं गेलं असं वाटलं तर लक्षणांची वाट न बघता 999 ला (ब्रिटनचा इमर्जन्सी नंबर) फोन करा आणि त्या झाडाचा तुकडा बरोबर ठेवा.

कोवळी पानं एप्रिल-मे मध्ये, फुलं यायच्या आधी चांगली. जून-जुलैत पांढरट फुलांच्या छत्र्या आल्या की पानं राठ आणि कडवट होतात. तोडताना एका झाडाची एक-दोनच पानं कात्रीने घ्या, मूळ उपटू नका, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय उपटणं ब्रिटनमध्ये बेकायदा आहे. शिवाय हे मेंढ्यांना फार आवडतं, जिथे त्या पोचतात तिथलं संपवतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते फक्त अवघड कड्यांवर उरलंय. त्या कड्यावर चढायला जाऊ नका प्लीज, खडक ओले असतात, भरतीची वेळ बघूनच खाली उतरा आणि हाताला येईल तेवढंच घ्या. इंग्लंडमध्ये तर हे फक्त पार उत्तरेला नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर थोडंसं आहे, तिकडे दिसलं तर बघून आनंद घ्या आणि राहू द्या.

घरी आणल्यावर पाण्यात दोन-तीनदा धुवा, वाळू असते. चव सेलरीपेक्षा बरीच जोरकस, म्हणून पालेभाजीसारखी वाटीभर भाजी करायला जाल तर तोंडात घालवणार नाही, कोथिंबिरीसारखं वापरा. अर्धा किलो नवे बटाटे उकडून, गरम असतानाच लोणी, मीठ आणि चमचाभर बारीक चिरलेलं लव्हेज, हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. उग्र वाटलं तर पानं उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाका, बराच उग्रपणा जातो. मॅकरेल (बांगड्यासारखा मासा) मिळाला तर त्याच्या पोटात दोन पानं, लसूण आणि लिंबाची चकती घालून भाजा, मस्त लागतो. साध्या वरणात गॅस बंद केल्यावर चिमूटभर घातलं तरी चालतं. गरोदर बायकांनी मात्र टाळलेलंच बरं.

बिया उन्हाळा संपताना पिकतात, वाळवून फोडणीत ओव्याच्या जागी घालता येतात, पण थोड्याच. बिया फक्त त्याच झाडाच्या घ्या ज्याची पानं तुम्ही आधी नीट तपासली आहेत, नुसत्या वाळक्या छत्रीवरून ओळखायला जाऊ नका. त्यातल्या चार-पाच शरद ऋतूतच कुंडीत पेरा आणि कुंडी हिवाळाभर बाहेरच ठेवा, थंडी लागल्याशिवाय त्या नीट रुजत नाहीत, रुजल्या की वसंतात कोंब दिसतील आणि मग किनाऱ्यावरच्या झाडांना हात लावायची गरजच पडणार नाही.