पार्कोर कसं सुरू करावं: भिंत नंतर, आधी जमीन

दर पंधरा दिवसांनी कोणीतरी नवीन पोरगा पार्कोर, म्हणजे वाटेतल्या भिंती-कठडे पळत, उड्या मारत ओलांडणं, शिकायला ग्राउंडवर येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, बॅकफ्लिप किती दिवसात येते?" मी म्हणतो ते नंतर बघू, आधी या फरशीवर एक रोल मारून दाखव. मग तो शाळेत पीटीच्या तासाला शिकलेली कोलांटी उडी मारतो, पाठीचा एकेक मणका फरशीवर ठकठक वाजतो आणि उठताना माझ्याकडे असं बघतो की जणू मी त्याला फसवलं. हा लेख त्या पोरांसाठी आहे, आणि "फक्त भीती सोड, बाकी सगळं होतं" असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांसाठी पण. भीती सोडून माझा खुबा दोनदा काळानिळा झालाय.

थोडं मागचं सांगतो, कारण ते न कळल्यामुळेच लोक चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. पार्कोर फ्रान्सचं, पॅरिसजवळच्या लीस गावात दाविद बेल आणि त्याच्या मित्रांनी वाढवलेलं. दाविदचे वडील रेमाँ बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात होते. त्यांच्या सगळ्या व्यायामामागे जॉर्ज एबेर नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याची पद्धत होती, तिचं ब्रीद काय तर उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा. म्हणजे आगीतून माणूस बाहेर काढायचा आणि उद्या परत ड्युटीवर जायचं, घोटा मोडून घरी बसायचं नाही. फ्री रनिंग त्याचाच भाऊ, त्यात गिरक्या, फ्लिप (हवेतल्या कोलांट्या), स्वतःची स्टाईल येते, सेबास्टियां फुकाँचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे (२००६ च्या बाँडपटात क्रेनवर चढून पळणारा तोच). तुम्हाला यातलं काहीही करायचं असलं तरी पहिले तीन महिने दोघांचे सारखेच, आणि ते जमिनीवर जातात.

अंगात ताकद किती पाहिजे? वीस नीट बैठका, दहा जोर, बारला तीस सेकंद लटकणं. नसेल होत तर तेही सोबत चालू करा, त्यासाठी थांबू नका.

बूट पातळ, मऊ, एकसंध रबरी तळव्याचे. जाड फोमवाले महागडे रनिंग शूज घेऊ नका, त्यात पायाखाली काय आहे ते कळतच नाही आणि काठावर उभं राहिलं की फोम एका बाजूला दबतो आणि घोटा मुरगळतो. मी पहिलं वर्ष साध्या कॅनव्हासवर काढलंय.

जागा म्हणजे गवत, थोडी मोकळी फरशी, एक कर्ब (फुटपाथची कड) आणि कमरेइतकी एक भिंत, बास. भिंत वापरण्याआधी हलवून, लाथ मारून बघा. आपल्याकडे सोसायटीच्या कंपाउंडवर जो कडप्पा बसवलेला असतो तो बऱ्याचदा नुसता सिमेंटच्या लप्प्यावर टेकलेला असतो, हात टाकून जोर दिला की कडप्पा आणि तुम्ही दोघं पलीकडे. काही भिंतींवर काचा लावलेल्या असतात आणि त्यावर वेल वाढलेली असते, दिसतच नाहीत. आणि वॉचमनकाकांना आधी सांगा, लपूनछपून केलं तर चोर समजतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

आता उतरणं, म्हणजे लँडिंग. कर्बवरून सुरुवात करा, हो, सहा इंचाच्या कर्बवरून. पाय खांद्याइतके लांब, चवड्यांवर उतरायचं, टाच जमिनीवर आपटायची नाही, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने वाकवायचे, आत नाही जाऊ द्यायचे. आवाज ऐका. धप्प आवाज आला म्हणजे तो धक्का कुठेतरी हाडात गेला. यात साधा हिशोब आहे, एक मीटरवरून पाय ताठ ठेवून उतरलात आणि शरीर पाच सेंटीमीटरमध्ये थांबलं तर पायावर सरासरी तुमच्या वजनाच्या एकवीस पट जोर येतो, तेच गुडघे, खुबे सगळं वाकवत पन्नास सेंटीमीटरमध्ये थांबलात तर तीन पट. सगळी करामत तेवढीच, थांबायला जास्त अंतर द्यायचं. मांजर जसं ओट्यावरून उतरतं, आवाज नाही काही नाही. कर्बवर रोज पन्नास बिनआवाजाच्या उड्या, दोन आठवडे, मग गुडघाभर उंची. मी नवीन पोरांना सहा महिने कमरेच्या वरून उतरू देत नाही, त्यावरून दोघं भांडून गेलेत, जाऊ दे.

आणि आता रोल. इथे जरा बसून वाचा, कारण माझं जवळपास एक वर्ष इथे अडकलं होतं.

रोल कशासाठी तर पुढच्या दिशेने वेग असताना उतरलात की तो वेग पायांनी अडवण्याऐवजी गोल फिरून पुढे वाहून न्यायचा. बरेच लोक समजतात की रोल आला म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून उडी मारता येते. नाही येत, तो गैरसमज आत्ताच काढून टाका. सरळ खाली पडताय आणि पुढे वेगच नाही तर रोल काय वाहून नेणार? रोल मुख्यतः यासाठी की अडखळलात, हात सुटला, पाय सरकला तर डोकं आणि मनगटं वाचावीत. मला रोलचा सगळ्यात मोठा उपयोग स्कूटरवरून पडताना झालाय.

पार्कोरचा रोल म्हणजे कोलांटी उडी नाही. कोलांटीत डोक्याच्या मागून सरळ मणक्यावरून जातो, ते मॅटवर ठीक, फरशीवर मणके मोजले जातात. पार्कोरचा रोल तिरका जातो. उजव्या बाजूचा असेल तर उजव्या खांद्याच्या मागून पाठीवर तिरपा येत डाव्या कुल्ल्याच्या मांसल भागावर संपतो. एसटीच्या कंडक्टरची बॅग आठवा, तिचा पट्टा एका खांद्यावरून पाठीवर तिरका होत दुसऱ्या कमरेला जातो ना, तो पट्टा म्हणजे तुमचा रस्ता. फक्त तो पट्टाच जमिनीला लागला पाहिजे. डोकं नाही, खांद्याचं टोक नाही, मणका एकाच जागी ओलांडायचा आणि खुब्याचं बाहेर आलेलं हाड तर अजिबात नाही.

माझी चूक काय होती ते सांगतो. मी शिकलो जाड गादीवर. गादीवर माझा रोल एकदम मस्त दिसायचा, व्हिडिओ पण काढले, मित्रांनी टाळ्या वाजवल्या, आणि चार महिन्यांनी एका छोट्या भिंतीवरून पेव्हर ब्लॉकवर उतरून तोच रोल मारला तर डावा खुबा असा आपटला की आठवडाभर जिना एकेक पायरी करून उतरत होतो. बरा झालो, परत गादीवर "सुधारला", परत ब्लॉकवर मारला, परत तोच खुबा. कोणी म्हणालं जोरात मार, कोणी म्हणालं अजून उंचावरून मार म्हणजे वेग मिळेल. हा सल्ला देणाऱ्यांना मी आजही ओळख दाखवत नाही. चूक वेगात नव्हतीच, मी रोलच्या मध्यावर अंग उघडत होतो, म्हणजे खांदा नीट जायचा आणि मग उठायच्या घाईत छाती आणि मांड्या एकमेकांपासून लांब व्हायच्या, गोल शरीराची सरळ फळी व्हायची आणि फळीचं टोक म्हणजे खुबा. गादी हे सगळं लपवते. म्हणून माझं ठाम मत आहे की रोल गादीवर शिकू नका. गवत चालेल, तालमीची माती मिळाली तर सोन्याहून पिवळं, सतरंजी चालेल. गादी नको.

मला तो रोल शेवटी जमला तो उलट्या बाजूने सुरुवात करून. फरशीवर बसा, गुडघे छातीशी, आणि मागे डाव्या कुल्ल्यावरून तिरके उजव्या खांद्याकडे पडा, परत त्याच रस्त्याने बसते व्हा. आरामखुर्चीच्या खालच्या गोल दांड्यासारखं डोलायचं, पुढे मागे, पुढे मागे. टोचलं की थांबून बघायचं कुठे टोचलं, तिथे अंग गोल नाहीये. मी गच्चीवर रोज रात्री दहा मिनिटं हे करायचो, शेजारच्या काकूंनी आईला विचारलं पण की याला काही होतंय का. तीन आठवड्यात टोचणं बंद झालं, एक वर्ष जे झालं नव्हतं ते.

त्यानंतर गुडघ्यावरून. डावा गुडघा जमिनीवर, उजवं पाऊल पुढे. दोन्ही तळहात पुढे टेका, बोटं किंचित आत वळलेली. डोकं डावीकडे वळवा आणि डाव्या काखेतून मागे बघायचा प्रयत्न करा, हनुवटी आत, असं केलं की मान आपोआप रस्त्यातून बाजूला होते. आता पाठीमागून ढकलल्यासारखं मागच्या पायाने हळू ढकला, उजवा हात थोडा दुमडत जाऊ द्या, कोपर आपटू नका, आणि खांद्यामागचं ते पसरट हाड पहिलं टेकवा. छाती मांड्यांपासून सोडायची नाही, हे वाक्य मी रोल मारताना तोंडाने म्हणायचो. शेवटी डावा पाय दुमडलेला, नडगीची बाहेरची बाजू जमिनीला लागते, उजवं पाऊल रोवलं जातं आणि हाताचा टेका न घेता तुम्ही उभे. हात टेकवून उठावं लागतंय म्हणजे मध्येच कुठेतरी वेग मेला, परत डोलण्यावर जा.

तपासायचं कसं, तर मातीत किंवा ओल्या गवतात दहा रोल मारा आणि टी-शर्ट काढून बघा. तिरका पट्टा दिसला तर बरोबर. मधोमध उभा डाग म्हणजे कोलांटीच मारताय. खांद्याच्या बाजूला, बाहीवर डाग म्हणजे आडवे पडताय, अशाने खांद्याच्या टोकाला लागतं आणि ते दुखणं खूप रेंगाळतं. व्हिडिओपेक्षा टी-शर्ट खरं बोलतो.

मग क्रम असा, गुडघ्यावरून, उकिडवं बसून, उभं राहून, चालत, हळू पळत, कर्बवरून, गुडघाभर उंचीवरून. प्रत्येक पायरी आधी गवतावर आणि मग फरशीवर. फरशीवर सलग दहा रोल एकही टोचणी न लागता झाले की पुढची पायरी, नऊ झाले तर नाही. मान दुखायला लागली, हाताला मुंग्या आल्या, डोकं आपटलं तर त्या दिवशी बंद आणि डॉक्टरकडे, तिथे हिरोगिरी नको.

एवढं झालं की बाकीचं खरंच सोपं आहे. प्रिसिजन म्हणजे एका ठिकाणावरून उडी मारून ठरलेल्या जागी चिकटून थांबणं, आधी जमिनीवर खडूने आखलेल्या रेघेवर, मग कर्बवर, चवडा काठावर आणि टाच हवेत. बॅलन्स, पार्किंगमधल्या बुटक्या पाइपवर रोज पाच मिनिटं. चार पायांवर चालणं पायऱ्यांवर वर आणि खाली, खाली येणं जास्त अवघड. भिंत ओलांडायला आधी सेफ्टी व्हॉल्ट, एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय भिंतीवर, दुसरा पाय मधून काढायचा. त्यानंतर लेझी, म्हणजे बाजूने तिरकं येऊन हात टेकवत एकेक पाय भिंतीवरून नेणं, आणि काँग म्हणजे दोन्ही हात टेकवून मधून दोन्ही पाय काढणं, त्यात पाय भिंतीला अडकतो म्हणून आधी भिंतीच्या वर नुसते पाय आणून थांबायला शिका. वॉल रन, म्हणजे भिंतीवर पाय देत वर चढणं, आणि भिंतीला लटकणं सहा महिन्यांनी.

फ्लिप गच्चीवर नाही, चौपाटीच्या वाळूत एकट्याने पण नाही. जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये, हात धरणारा कोच असताना. मल्लखांब केलेल्यांना हे पटकन येतं, हेवा वाटतो.

काही गोष्टी मी ग्रुपमध्ये चालवून घेत नाही. पीव्हीसी पाइप, एसीचे स्टँड, होर्डिंगचे अँगल यांना लटकायचं नाही. समुद्राकाठच्या सिमेंटच्या चार टोकांच्या ठोकळ्यांवर उड्या नाहीत, ते बुळबुळीत असतात आणि मधल्या फटीत माणूस जातो. गडावर पार्कोर नाही, रील कितीही भारी दिसू दे, तटबंदीचा दगड सुटला तर तुम्हीही जाता आणि तीनशे वर्षांचा दगडही जातो. आणि जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंती बंद, शेवाळ वाळल्यासारखं दिसतं पण पायाखाली साबण असतो. पावसाळ्यात पार्किंगमध्ये डोलणं, रोल, बैठका. माझा डाव्या बाजूचा रोल अख्खा अशाच एका पावसाळ्यात झाला, कारण उजवा आला म्हणून डावा येत नाही, तो परत पहिल्यापासून, गुडघ्यावर बसून.