सुरुवातीच्या थ्रॅश बँडचा वेग आणि आवाज कसा ताडून पाहावा

थ्रॅश म्हणजे हेवी मेटलचा अतिवेगवान प्रकार. त्यातल्या बँडपैकी मेटालिका जास्त वेगवान की स्लेयर, हा वाद नुसत्या कानावर सोडला तर मिटत नाही. मोजूनच बघावं.

आधी अल्बम एकाच काळातले घ्या: मेटालिकाचा 'किल एम ऑल' (जुलै १९८३), स्लेयरचा 'शो नो मर्सी' (डिसेंबर १९८३), एक्झोडसचा 'बॉन्डेड बाय ब्लड' (१९८५). १९८६ चा 'रेन इन ब्लड' यांत घालू नका. तोवर सगळेच बदलले होते.

गाणं ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. एकाच रिफचे (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याचे) आठ बार, म्हणजे ३२ मात्रा, निवडा आणि १९२० ला (३२ गुणिले ६०) त्या भागाच्या सेकंदांनी भागा. ९.६ सेकंद भरले तर लय २०० बीपीएम, म्हणजे मिनिटाला २०० मात्रा.

हमखास चूक होते ती स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ढोल, मोजताना. साध्या रॉक ठेक्यात स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. थ्रॅशच्या ठेक्यात तो दर दोन मात्रांच्या मधोमध, म्हणजे दुप्पट वेळा वाजतो. आपल्याकडे याला दुगुन म्हणतात: लय तीच, ठेका दुप्पट. स्नेअरचेच ठोके धरले तर १०० चं गाणं २०० चं वाटतं. म्हणून आधी रिफवर पाय धरा, मग ड्रम ऐका.

गिटार वेगळी मोजा. १९० बीपीएमला एका मात्रेत दोन डाउनस्ट्रोक (तारेवर फक्त वरून खाली मारलेले फटके), म्हणजे सेकंदाला सहाहून थोडे जास्त. मेटालिकाचा गिटारवादक हेटफिल्ड याच्या रिफचा कोरडा, ठोसेबाज आवाज त्यातून येतो. २१० ला मात्रेत चार स्ट्रोक वर-खाली मारले की सेकंदाला चौदा होतात आणि सुटे ठोके विरून सलग घरघर ऐकू येते. वेगाचा भास बराचसा इथेच होतो.

आवाजाची तुलना करताना दोन्ही फाइल्स -१८ एलयूएफएसवर (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा. रीमास्टर, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाची नव्याने केलेली प्रत, मोठ्याने वाजतं, म्हणून जास्त आक्रमक वाटतं. मेगाडेथचा पहिला अल्बम तर २००२ आणि २०१८ मध्ये नव्याने मिक्स झाला; गिटारचा पोत ऐकायचा तर १९८५ चीच प्रत हवी.

सर्वांत चोख जोडी म्हणजे आधी मेटालिकात असलेल्या आणि मग मेगाडेथ काढणाऱ्या मस्टेनची एकच चाल: मेटालिकाचं 'द फोर हॉर्समेन' आणि मेगाडेथचं 'मेकॅनिक्स'. इथे गाण्यांची लांबी ताडू नका, मेटालिकाने मध्ये संथ भाग घातला आहे. दोन्हींतला मुख्य रिफच मोजा.